हाकेला ओ

आषाढी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आमच्या विहारातला माईक तपासला जातो. शंकरतात्या त्यावर दोनदा टिचकी मारतात, एकदा फुंकर घालतात आणि "हॅलो, हॅलो" म्हणतात. एवढंच. वस्तीला त्यातून उद्याच्या पौर्णिमेची चाहूल लागते. मी मात्र तीन वर्षं झाली तरी त्या आवाजानं दचकते. यंदाही दचकले. मी तांदूळ निवडत होते. हात ताटातच राहिला आणि नजर आपोआप आतल्या खोलीकडं गेली. आई कॉटवर बसून उद्याच्या पांढऱ्या लुगड्याची घडी मोडत होती. चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाली, "काय बघतीस? तात्या हाय त्यो. मी हितंच हाय."

ती तिथंच होती, ते दिसत होतं. पण खात्री करून घ्यायची मला खोड आहे. तेहतीस वर्षं मी पिरंगुटच्या एका कारखान्यात तपासणीच्या टेबलापाशी उभी होते. समोर लोखंडाचे लहान लहान भाग यायचे. मी ते मापात घालून बघायचे, चांगला तो निळ्या क्रेटमध्ये, वाईट तो लाल. आता निवृत्त झाले, तरी कपात चहा ओतायच्या आधी कपाची कड बघते. "सुनंदाताईंच्या नजरेतून काही सुटत नाही," असं साहेब चारचौघांत म्हणायचे आणि मी खाली मान घालून खूश व्हायचे. तीन वर्षांपूर्वी माझ्या नजरेतून काय काय सुटलं, हे त्या साहेबांना कधी कळलं नाही. मला कळलं, तेच पुष्कळ झालं.

आमची वस्ती नांदे गावाच्या एका कडेला आहे. समोर भाताचं एकच खाचर उरलंय. बाकीच्या खाचरांच्या जागी बारा-बारा मजले उभे राहिलेत. आषाढात या एका खाचरातले बेडूक ओरडत असतात आणि पलीकडं काँक्रीटचा मिक्सर फिरत असतो. दोघांपैकी कोण कधी थांबेल ते सांगता येत नाही. चिखलणीचा वास आणि ओल्या सिमेंटचा वास एकाच वाऱ्यावर येतो. संध्याकाळी त्या मजल्यांवरची माणसं खाली उतरून भाताच्या रोपांचे फोटो काढतात आणि आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या ओट्यावर बसून त्या माणसांना बघतात. दोन्हीकडं तेवढीच करमणूक होते.

याच दिवसांत आमचा वर्षावास सुरू होतो. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, तीन महिने, रोज संध्याकाळी साडेपाचला विहारात ग्रंथ वाचला जातो. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. पौर्णिमेला तरुण मंडळीही येतात, पांढऱ्या कपड्यांत, फोटोपुरती का होईना. एरवी वाचन ऐकायला असतात त्या म्हाताऱ्याच. उदबत्तीचा धूर, पत्र्यावर पाऊस, आणि वाचणाऱ्याच्या आवाजात मधूनच कुणाची तरी डुलकी. लहानपणी मला वाटायचं, या झोपायलाच येतात. आई म्हणायची, "झोपल्या तरी चार जनीत झोपत्यात की. घरात एकटीच झोपन्यापरीस बरं न्हवं का?"

आईला अक्षर वाचता येत नाही. त्यामुळं वाचनाची पाळी तिच्याकडं कधी आलीच नाही. तिनं दुसरं काम उचललं होतं. हाक मारायचं. ते तिला कुणी दिलेलं नव्हतं आणि कुणी काढूनही घेतलं नसतं. पाच वाजले की पदर खोचून ती निघायची आणि वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या दारात जाऊन एकेकीला हाक मारायची. पारू, शेवंता, कलाबाई आणि शेवटी हौसा. रस्त्यावरनं ओरडून पुढं जायची तिची रीत नव्हती. दारात उभं राहायचं, हाक मारायची, आतून "ओ" आली तरी हलायचं नाही. माणूस उंबऱ्यात दिसलं की मगच पुढचं दार. चार दारांना तिला अर्धा तास लागायचा. मी हसायचे. "अगं, आता मोबाईल आलेत. एक मेसेज टाकला की झालं."

"मोबाइलाला दिसतं व्हय," ती म्हणायची, "कोनी येनी घातलीया आन् कोन काल संध्याकाळपास्नं जेवलं न्हाई त्ये?"

तिला दिसायचं. कलाबाईनं कानाचं यंत्र न लावता नुसतीच मान डोलावली की हिला कळायचं. चार वर्षांपूर्वी एकदा हौसामावशीच्या दारात ती नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिली होती. हौसामावशी म्हणजे आमच्या घरापासून चौथं दार. आईची जन्माची मैत्रीण, दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या वस्तीत आल्या. "हौसा, चप्पल का बसंना गं पायात?" आईनं विचारलं होतं. हौसामावशी म्हणाली, पावसानं आकसली असंल. आईनं खाली बसून तिच्या घोट्यावर बोट दाबलं. खड्डा पडला, तो भरेना. दुसऱ्या दिवशी हौसामावशीला दवाखान्यात नेलं, हृदयाच्या गोळ्या सुरू झाल्या. वस्तीत या गोष्टीचं कुणाला कौतुक वाटलं नाही. आई हाक मारते आणि बघते, यात नवीन काय!

मग पुढच्या वर्षी ज्येष्ठात आई पडली. मागच्या दारी धुण्याच्या दगडाजवळ शेवाळ होतं. मी दर वर्षी तिथं ब्लीचिंग पावडर टाकते, त्या वर्षी राहून गेलं. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, बाराव्या दिवशी आई घरी आली. वय चौऱ्याहत्तर. माझं लग्न मोडून मी परत आले त्याला तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती. घरात आम्ही दोघीच. तिच्याशिवाय या घरात मी एकटी कशी राहायची, हा विचार मी दवाखान्याच्या बाकावर बसून पहिल्यांदा केला आणि इतकी घाबरले की त्यानंतर जे जे केलं ते त्या भीतीनंच केलं.

मी तिला जपायला लागले. कारखान्यात काचेचा माल आला असता तर जसा जपला असता तसं. कॉटशेजारी पाण्याचा तांब्या, गोळ्यांची डबी, बेडपॅन, खालच्या फरशीवर रबरी चटया. मी पहिल्या पाळीला जायचे, साडेतीनला सुटून सव्वाचारला घरी. तोवर सांभाळायला एक बाई ठेवली आणि तिला बजावून सांगितलं, उठू द्यायचं नाही. वस्तीतल्या बाया भेटायला यायच्या, तर मी दारातच पाय धुवायला लावायचे, दोघींपेक्षा जास्त जणींना आत सोडत नव्हते आणि दहा मिनिटं झाली की घड्याळाकडं बघायचे. आठवडाभरात बाया यायच्या कमी झाल्या. मला बरंच वाटलं. आईला आराम मिळेल.

डॉक्टरांनी व्यायाम घ्यायला ऋतुजा नावाची एक फिजिओथेरपिस्ट मुलगी पाठवली होती. आठवड्यातून तीनदा स्कूटीवरून यायची, आईला वॉकर धरून उभं करायची. आई दोन पावलं टाकायची आणि "आई गं" म्हणून बसायची. मी लगेच, "राहू दे, आज राहू दे." श्रावणात एक दिवस ऋतुजानं मला ओट्यावर बोलावलं.

"ताई, हाड जुळलंय. डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलंय तुम्हाला."

"मग चालत का नाही ती?"

"चालून जायचंय कुठं त्यांना?" ती म्हणाली. "सगळंच तर तुम्ही कॉटपाशी आणून ठेवलंय. हे बघा, दिवाळीच्या आत उठल्या तर उठल्या. त्याच्यानंतर पायांतली ताकद परत आणणं फार अवघड जातं."

मला राग आला. काल शिकून आलेली पोर आणि मला माझी आई सांगते! पण तिचं "दिवाळीच्या आत" माझ्या डोक्यात रुतून बसलं. त्या दिवसापासून भिंतीवरच्या कॅलेंडरकडं मी सरळ बघत नव्हते, येता-जाता तिरकं बघायचे.

या सगळ्यात माझ्या हातून एक गोष्ट झाली होती, ती अजून सांगितली नाही. सांगायला जीभ जड होते. आषाढी पौर्णिमेच्या आदल्या दिवशीची. आई कॉटवर होती आणि तिचा एकच घोष चालला होता, "उद्या हाक कोन मारनार? म्हाताऱ्या बसतील घरात." मला वाटलं, ही तळमळून तळमळून उठेल आणि पुन्हा पडेल. मग मला युक्ती सुचली, आणि ती सुचल्याचा मला केवढा आनंद झाला होता! मी मोबाईल तिच्या तोंडापुढं धरला. म्हटलं, "आई, तू इथूनच हाका मार. मी आवाज भरून घेते. तात्या रोज भोंग्यावर लावतील."

तिला आधी गंमत वाटली. पदर सारखा केला, जणू फोटोच काढायचाय. मग एकेकीला नीट हाक मारली. "पारू, चल गं, आवरलं का? शेवंता, गुडघं धरून बसू नगंस, चल. कलाबाई, कानाचं मशीन लाव आन् ये. हौसा, काठी घे गं, पायरी वली हाय, बघून ये." माझी भर घालून मी शेवटी म्हणायला लावलं, "सगळ्यांना जय भीम."

तात्यांनी ती हाक रोज लावली. सव्वापाचला एकदा, साडेपाचला एकदा. वस्तीत जो तो म्हणाला, सुनंदानं डोकं लढवलं. मीसुद्धा चार दिवस तोऱ्यात होते. भोंगा आमच्या घराकडं तोंड करून होता, त्यामुळं आईची हाक सगळ्यांत मोठी आमच्याच घरात यायची. पहिल्या दिवशी आई कॉटवर उठून बसली आणि कान देऊन ऐकलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी हाक संपल्यावर ती तशीच बसून राहिली.

"काय झालं?" मी विचारलं.

"ओ कुटं हाय?" ती म्हणाली. "हाक जातीया. ओ येत न्हाई."

"अगं, त्या येतात की विहारात."

"कोन कोन आलं?"

मला माहीत नव्हतं. मी कधी बघायला गेलेच नव्हते. दोन-तीन दिवसांनी गेले तर चटईवर पारूकाकू आणि तात्या. शेवंताकाकूचे गुडघे. कलाबाईला भोंगा ऐकूच येत नव्हता. हौसामावशीला बरं वाटत नव्हतं म्हणे, येईल उद्या. आईला मी सांगितलं, सगळ्या आल्या होत्या. एवढं खोटं चालतं, असं मला वाटलं. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी उठून चहा ठेवायला गेले.

पुढं पुढं सव्वापाचची हाक लागली की ती भिंतीकडं तोंड करायची. एकदा म्हणाली, "मी मेल्यावर बी असंच वाजंल गं हे. कुनाला कळायचं बी न्हाई." मी तिला रागावले. भरल्या घरात असलं बोलू नये म्हटलं. घर काही भरलेलं नव्हतं. ती कमी खायला लागली. ऋतुजा आली की डोळे मिटून पडायची. श्रावण गेला, भादवा लागला. तिच्या पिंडऱ्या माझ्या मनगटाएवढ्या झाल्या होत्या आणि मी रोज त्यांना तेल लावत होते, मनात दिवस मोजत.

भादव्यात हौसामावशी गेली. तिचा मुलगा-सून दोघंही कामाला, सकाळी सातला बाहेर, रात्री आठला घरी. एके सकाळी तिला श्वास घेता येईना म्हणून दवाखान्यात नेलं. चौथ्या दिवशी ती संपली. डॉक्टरांनी मुलाला विचारलं, पाय कधीपासून सुजलेत? त्याला सांगता आलं नाही. लुगड्याखाली कोण बघतंय? गोळ्याही मधेच संपल्या होत्या म्हणे, तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

मी आईला सांगायला गेले तेव्हा शब्द जुळवून गेले होते. तिनं मला पहिल्या वाक्यालाच थांबवलं.

"पाय सुजलं हुतं का?"

मी कॉटवरची चादर सारखी करायला लागले.

"सुनंदा, पाय सुजलं हुतं का तिचं?"

"हो."

ती रडली नाही. नुसती हाताची बोटं मोजल्यासारखी एकेक दाबत राहिली. मी मात्र त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजले, की ती तीस-चाळीस वर्षं संध्याकाळी काय करत होती. मी लोखंड तपासून पगार घेत होते. ती माणसं तपासत होती आणि त्याला हाक म्हणत होती. आणि मी ते काम बंद करून त्या जागी भोंगा लावला होता. मी हाक चालू ठेवली असती, दुसऱ्या कुणाला दारोदार पाठवलं असतं, स्वतः गेले असते, तर हौसामावशी वाचली असती का? माहीत नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतंच. पण हा प्रश्न माझ्याजवळ राहिला आहे आणि तो कुठल्याच क्रेटमध्ये ठेवता येत नाही.

पाच दिवस विहारात वाचन बंद होतं. सहाव्या दिवशी सुरू झालं. मी कामावरून येऊन चहा करत होते. पाऊस उघडला होता, भिंतींवर पिवळं ऊन आलं होतं. सव्वापाचला भोंगा खरखरला आणि माझ्या हातातली गाळणी थांबली. एका क्षणात मला कळलं, काय होणार आहे. कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. तात्यांच्या नाही, माझ्याही नाही.

"पारू, चल गं, आवरलं का?" आईचा आवाज वस्तीभर गेला. शेवंता. कलाबाई. आणि मग, तसाच खणखणीत, माया लावून, "हौसा, काठी घे गं, पायरी वली हाय, बघून ये."

कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली, तेवढीच. मी आतल्या खोलीकडं धावले. आई कॉटच्या कडेला बसली होती, पाय खाली सोडून, वॉकरला दोन्ही हात घालून.

"आई, काय करतीस?"

"साडेपाचला परत वाजंल ते."

"मी पळत जाऊन सांगते तात्यांना. तू बस."

"तू न्हाई. आवाज माझा हाय. मी जानार."

आणि ती उठली. तीन महिन्यांत दोन पावलांपुढं न गेलेली बाई. वॉकरचे पाय फरशीवर खडखडत होते. मला पुढं पळताही येईना, कारण तिला उभी टाकून कशी जाऊ? मी तिचा दंड धरला.

"हात काढ," ती म्हणाली.

"पडशील!"

"तू धरलंस की मला वाटतं, मी पडनारच हाय. काढ हात."

मी हात काढला. आजवर माझ्या हातांना इतकं अवघड काम कधी सांगितलं गेलं नव्हतं. घरापासून विहारापर्यंत चौऱ्याऐंशी पावलं आहेत, माझी. तिची किती झाली ते मोजायचं भान मला नव्हतं. मी तिच्या मागं, एका हाताच्या अंतरावर, दोन्ही तळवे पुढं करून चालत होते. उंबरा. पायरी. सिमेंटच्या रस्त्यावर शेवाळाचे हिरवे पट्टे आणि मी मनात एकेक पट्टा टाळत होते. वॉकर पुढं, पाय पुढं, थांबा. वॉकर पुढं. गटाराच्या झाकणापाशी वॉकरचा एक पाय फटीत अडकला, ती पुढं झुकली, माझे तळवे तिच्या पाठीला टेकणारच होते. तिनंच तो उपसला. दारादारांत बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या. कुणी "अगं आक्का" म्हणून आईकडं धावलं नाही. आजही मला त्यांचं आश्चर्य वाटतं.

हौसामावशीच्या दारात ती थांबली. दार बंद होतं, बाहेर मावशीची काठी भिंतीला टेकवलेली. आई घड्याळाकडं नाही, माझ्याकडं नाही, त्या काठीकडं बघत उभी राहिली. मला एकेक मिनिट कळत होतं. साडेपाच वाजत आले होते. मी म्हटलं, "आई." ती पुढं निघाली.

विहार वीसेक पावलांवर असताना भोंगा पुन्हा खरखरला. "पारू, चल गं, आवरलं का?" मी मान वर केली. पुढं आई होती आणि वरून आईच ओरडत होती. "शेवंता, गुडघं धरून बसू नगंस..." आईनं वॉकर उचलायचं सोडून तो ढकलायला सुरुवात केली, सिमेंटवर घासत, तिच्या तोंडावर घामाच्या धारा. "कलाबाई, कानाचं मशीन..."

"तात्याऽऽ!" ती ओरडली. तिच्यात एवढा आवाज उरला असेल, हे मला ठाऊक नव्हतं. "बंद कर ते! बंद कर!"

खटका पडला. मधेच, "आन् ये" वर. हौसामावशीचं नाव वाजलं नाही.

तात्या दारात आले ते हात जोडूनच. "आक्का, माझ्या ध्यानातच आलं न्हाई गं."

"आमच्या बी न्हाई आलं," आई म्हणाली, आणि विहाराच्या पायरीवर बसली. मी तिच्या पाठीला हात लावला, तेव्हा पाठ वाऱ्यात पान हलावं तशी हलत होती. आता ती रडत होती. मीही रडत होते, त्यात काही लपवण्यासारखं नाही. मग तिनं नाक पुसलं, मान वळवली आणि दारात उभ्या असलेल्या बायांकडं बघून तिथूनच हाक मारली.

"पारू!"

"ओ!"

"शेवंता!"

"ओ, आले गं!"

कलाबाई तोवर शेजारीच येऊन उभी राहिली होती, हाक मारायच्या आधीच तिनं "ओ" दिली. आणि मग चौथ्या नावाची जागा आली. आई गप्प राहिली. तात्या आत गेले आणि मेणबत्ती लावली.

त्या दिवशी परत येताना तिला खुर्चीत बसवून चौघांनी उचलून आणावं लागलं, आणि पुढचे दोन दिवस तिला ताप होता. एका दिवसात माणूस बरं होत नाही. पण तिसऱ्या दिवशी तिनं ऋतुजाला विचारलं, "पोरी, हितनं पारूच्या दारापर्यंत जायाला किती दिस लागत्याल?" ऋतुजानं माझ्याकडं बघितलं. मी "राहू दे" म्हटलं नाही, पहिल्यांदाच. पारूचं दार सात दिवसांनी झालं. शेवंताचं त्याच्या पुढच्या आठवड्यात. आश्विन पौर्णिमेला आई वॉकर घेऊन विहारात गेली, पांढरं लुगडं नेसून, आणि खिरीच्या पातेल्यापाशी बसून कुणी किती वाढायचं यावर हुकूम सोडत होती. कॉटशेजारचा तांब्या मी उचलून स्वयंपाकघरात ठेवला. तहान लागली की तिनं उठून जावं म्हणून. तो तांब्या उचलताना जेवढा धीर लागला तेवढा ऑपरेशनच्या कागदावर सही करताना लागला नव्हता.

यंदा ती सत्त्याहत्तरची आहे. वॉकर गेला, काठी आली. दम लवकर लागतो. पौर्णिमेच्या सकाळी तिनं मला समोर बसवलं आणि सांगितलं, "यंदापास्नं हाक तू मारायची. मला तीन दारं बी जमत न्हाईत आता."

"मी? मला कोण ओ देणार?"

"दारात हुबी ऱ्हा. देत्यात." मग जरा थांबून म्हणाली, "तुझ्या त्या मोबाइलात माझा आवाज हाय अजून?"

आहे. मी तो पुसलेला नाही, पुसणारही नाही. तिला ते माहीत होतं, तरी विचारलं.

"असूंदे. एकटी असलीस की ऐक. पर भोंग्यावर लावायचा न्हाई. माझ्यामागं कुनीतरी पायानं जायाचं दारात."

मी हो म्हटलं. गेले दहा दिवस मी पाच वाजता निघते. पहिल्या दिवशी मला लाज वाटली, आवाजच फुटेना. आता पारूकाकूच्या हातातला चहाचा कप थरथरतो का ते बघते. शेवंताकाकूला उंबरा ओलांडायला किती वेळ लागतो ते मनात धरते. कलाबाईच्या यंत्राची बॅटरी मीच बदलली. हौसामावशीच्या दारावरून जाताना पाऊल आपोआप हळू होतं. तिची सून आता कामावर जात नाही, घरीच असते. परवा म्हणाली, "ताई, आमाला बी हाक मारत जावा की." आता तिलाही मारते.

शेवटचं दार आमचं. तिथं आले की मी आत जात नाही, आईची तशी अटच आहे. ओट्याखाली रस्त्यावर उभी राहते आणि हाक मारते, "आईऽ, चल गं." आणि थांबते. माझ्या हातांना आत धावायचं असतं, मी ते पाठीमागं एकमेकांत अडकवून ठेवते. समोरच्या खाचरात बेडूक, पलीकडं मिक्सर, आणि मधे आमचं उघडं दार, त्याच्या आत अंधार. परवा ओ पटकन आली. काल जरा उशिरा. आज मी हाक मारली आणि आतून काहीच आलं नाही. मी पुन्हा मारली. पंधरापर्यंत मोजलं, वीसपर्यंत मोजलं. पाय उचलला, परत टेकवला.

मग फरशीवर काठी वाजली.

"ओ!" आई आतून म्हणाली. "आले न्हवं का! चष्मा घावत न्हवता. कशापायी बोंबलतीस एवढी?"

ती उंबऱ्यात दिसेपर्यंत मी तिथंच उभी राहिले.